स्लाइड घरी ठेव

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात पहिल्या वर्षाचा माहिती साक्षरतेचा, म्हणजे माहिती शोधायची आणि पारखायची कशी याचा, तास आहे आणि साठ स्लाइड तयार आहेत, असं लिहिलंस. त्या घरीच राहू देत. माझाही पहिला तास असाच झाला होता. कॅटलॉग, वर्गीकरण क्रमांक, डेटाबेस, सगळं ओळीने सांगून टाकलं. संपल्यावर एक मुलगा काउंटरवर आला. "सर, जुन्या प्रश्नपत्रिका कुठे असतात?" त्याच्या मनात तेवढा एकच प्रश्न होता आणि तासभर बोलून मी त्याच्या आसपासही फिरकलो नव्हतो.

तेव्हापासून मी मुलांना आधी फसू देतो. पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या झाडांवर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक वेबसाइट आहे, १९९८ साली निव्वळ थट्टा म्हणून केलेली. फोटो आहेत, 'याला वाचवा' असं आवाहन आहे. तिचा पत्ता दे आणि एवढंच विचार, 'याच्या संवर्धनासाठी काय करता येईल?' मग दहा मिनिटं तोंड मिटून बस. (आपल्याला हेच सर्वांत जड जातं.) मुलं मन लावून लिहीत राहतात. कधीतरी मागच्या बाकावरून आवाज येतो, "पण हे खरं आहे का?" तास तिथे सुरू होतो.

बहुतेक जण मग त्याच पानात खणत बसतात. तारीख बघ, लेखकाचं नाव बघ. दोष आपलाच, निकषांच्या याद्या आपणच वाटल्या. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि फॅक्टचेकर (प्रसिद्ध झालेली माहिती खरी की खोटी ते तपासणारे) अशा तिन्ही गटांना वेबसाइट तपासायला दिल्या, तेव्हा लोगो आणि भारदस्त नावं बघून कित्येक इतिहासकारही फसले. फॅक्टचेकर मात्र चटकन पानाबाहेर पडले, नव्या टॅब उघडल्या आणि या लोकांबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. म्हणून दुसऱ्या फेरीला नियम घाल, पानावर अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायचं नाही.

या फेरीत पुन्हा खोटी साइट देऊ नकोस. नाहीतर मुलं सरसकट सगळ्यालाच खोटं म्हणायला लागतात, आणि तो अविश्वास भाबडेपणाइतकाच आळशी. दिसायला ओबडधोबड, पण पक्की माहिती असलेलं एखादं पान शोधून ठेव.

विकिपीडियावर बंदी नको. एखाद्या वादग्रस्त लेखाचा 'इतिहास' टॅब, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्याची नोंद, उघडून दे, पुढचं मुलंच बघतील.

चॅटबॉटला विषयावरचे पाच संदर्भ मागायला लाव आणि ते आपल्या कॅटलॉगमध्ये, डेटाबेसमध्ये शोधायला सांग. पाचातलं एखादं पुस्तक कित्येकदा कुणी लिहिलेलंच नसतं. ते धुंडाळता धुंडाळता कॅटलॉग हाताखालून जातो, त्यासाठी वेगळी स्लाइड लागत नाही.

तारीख मात्र प्राध्यापकांशी बोलून बदलून घे. प्रकल्पाचे विषय वाटून झाले की दुसऱ्याच दिवशी तास ठेव, त्याआधी कुणाला कशाची गरजच नसते. आणि जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात, ते दारावर लावून टाक.

तुझा,
सर