मुलीचं पहिलं टायफून

प्रश्न : माझी मुलगी यंदापासून जपानमध्ये ओकिनावातल्या शाळेत इंग्रजी शिकवते. चौथ्या मजल्यावर एकटी राहते. परवा टायफून, म्हणजे चक्रीवादळ, येतंय म्हणे. तिने काय तयारी करावी?
– एक आई, कोथरूड

उत्तर : आजच बाल्कनी रिकामी करायला सांगा. कपड्यांची दांडी, कुंड्या, चपला, सगळं आत. जपानमध्ये टायफूनची सुरुवातच ताशी ६२ किलोमीटर वाऱ्यापासून होते आणि उडालेली दांडी शेजारची काच फोडते. बाल्कनीतलं पाणी जायचं भोक साफ करावं, नाहीतर पाणी तुंबून घरात येतं. सरकत्या खिडकीच्या खाचेतूनही वाऱ्याच्या दाबाने पाणी आत ढकललं जातं. तिथे जुने टॉवेल घट्ट कोंबावेत. चिकटपट्टीने काच फुटायची थांबत नाही, तुकडे फक्त कमी उडतात. पडदे ओढून काचेपासून लांब झोपावं.

वीज गेली की इमारतीचा पंपही थांबू शकतो. पिण्याचं पाणी रोज ३ लिटर धरून ३ दिवसांचं साठवावं, संडाससाठी बाथटब भरावा.

खरी फसगत मध्येच होते. वारा अचानक पडतो, आभाळ उघडतं. तो वादळाचा डोळा, म्हणजे मधोमधचा शांत भाग असतो. तो सरकला की वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. त्या वेळी बाहेर पडणं जिवावर बेतू शकतं.

मुलांना सुट्टी म्हणजे शिक्षकांनाही सुट्टी, असं गृहीत धरू नये. शाळेत आजच विचारावं. आणि तुम्ही सारखा फोन करू नका, तिची बॅटरी संपेल. निरोपाच्या वेळा ठरवा. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे.