"मॅडम, अजून पंधरा दिवस ठेवून घ्या की"

मानसोपचार वॉर्डातून पेशंटला घरी सोडणार म्हटलं की नातेवाइकांना हायसं वाटण्याऐवजी धडकीच भरते. "घरी गेल्यावर परत तसंच झालं तर?" हा प्रश्न सोलापुरात अशा वॉर्डात काम करताना मला कायम ऐकू येतो. विचारणाऱ्याला आपलं माणूस नकोसं झालेलं नसतं. त्याने रात्री जागून काढलेल्या असतात, गल्लीतल्यांची बोलणी खाल्लेली असतात.

एका यंत्रमाग कामगाराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो कामाला. आजार बायपोलर, म्हणजे मन कधी अतोनात उसळतं, कधी पार खचतं. ओळीने रात्रपाळ्या लागल्या, झोप उडाली, मग बोलणं थांबेना, उधारीवर खरेदी सुरू झाली. घरच्यांनी भरती केलं. लिथियम, म्हणजे मनाचे हे चढउतार आटोक्यात ठेवणारी गोळी, सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तो झोपू लागला, नीट जेवू लागला. डॉक्टरांनी सोडायचं ठरवलं त्या दिवशी थोरला भाऊ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, अजून पंधरा दिवस ठेवून घ्या की."

मी त्याला सांगितलं, आजाराचा भर दवाखान्यात ओसरतो; घडी बसायला पुढचे कित्येक महिने लागतात आणि ते घरीच काढायचे असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, घरचे न्यायला तयार नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की घरी सोडताना पुढची आखणी पेशंटशी आणि त्याच्या माणसांशी बोलून करायची. पण कायदा ऐकून भावाला धीर कसा येणार? रात्री तीनला काही झालं तर कोणी काय करायचं, हे त्याला हवं होतं.

मी आधी पेशंटशी एकट्याने बोलले. हे मी सोडत नाही, कारण त्याच्याबद्दल सगळे बोलतात आणि त्याला कुणी विचारत नाही. तो म्हणाला, "गोळ्या घेतो, पण आईनं दर तासाला विचारू नये." रास्त मागणी होती. रात्री जेवणानंतर वहिनी गोळी देईल, तो घेईल, मग दिवसभर कुणी विषय काढायचा नाही, असं ठरलं.

वहिनी माहेरी गेली तर आई देणार होती. आई विड्या वळते, घरात तेलुगू, मराठी वाचता येत नाही. वॉर्डातच तिच्या हातात पाकिटं दिली. तिने पिशवीतून विडी बांधायचा दोरा काढला आणि रात्रीच्या गोळ्यांच्या पाकिटाला दोन वेढे देऊन गाठ मारली. दुसऱ्या पाकिटाला एकच वेढा. मग माझ्यासमोर डोळे मिटून, बोटांनी चाचपून दोन्ही ओळखून दाखवली.

सर्वांत जास्त वेळ मी लिथियमवर घालवला, कारण आपल्याकडचा उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर आणि मागाच्या शेडमध्ये त्याहून उकाडा. घाम फार गेला, पाणी कमी पडलं किंवा उलट्या-जुलाब झाले की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. जेवणातलं मीठ आपल्या मनाने बंद करायचं नाही. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही पातळी वाढते. रक्त तपासायचं ते शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी. हे सगळं पुतणीने तेलुगूत वहीत लिहून घेतलं.

कारखान्यात आजाराचं नाव सांगायचं नाही, ही त्याची अट. डॉक्टरांनी "रात्रपाळी देऊ नये" एवढंच लिहून दिलं, तेवढं पुरलं. पहिली तपासणी मी आठवड्याच्या आत मागून घेतली. घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, आत्महत्येचा धोकाही याच काळात वाढलेला असतो. आणि रात्री तीनसाठी? सलग दोन रात्री झोप नाही किंवा उधारी सुरू, की वाट न बघता डॉक्टरांना फोन. अडीनडीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिवाला धोका वाटला तर थेट दवाखान्यात.

मे महिन्यात त्याला जुलाब लागले. वहिनीने त्याच दुपारी फोन केला. डॉक्टरांनी गोळी थांबवून रक्त तपासलं, पातळी वाढलेली निघाली. नंतर कमी डोसवर गोळी परत सुरू झाली आणि तो कामावर गेला.

भावाची धास्ती पूर्ण गेलेली नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेला धाकट्याला न्यावं का, असं त्याने आत्ताच विचारून ठेवलंय. मी म्हटलं, त्यालाच विचारा. नंदीध्वजांची मिरवणूक दिवसा बघायची आणि झोपायच्या वेळेला घरी यायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं.