टेस्टमध्ये ९९ टक्के, नव्या तुकड्यावर फज्जा

प्रश्न: आमच्याकडे लिब्सचा सेटअप आहे, म्हणजे लेझरचा पल्स धातूवर मारायचा, ठिणगीसारखा प्लाझ्मा पेटतो, त्याच्या उजेडाचा स्पेक्ट्रम घ्यायचा. ॲल्युमिनियमचे चार ग्रेड ओळखायचेत. प्रत्येक ग्रेडचे ३ तुकडे, प्रत्येक तुकड्यावर १०० शॉट, असे १२०० स्पेक्ट्रम झाले. ८०-२० स्प्लिट करून (८० टक्के शिकवायला, २० टक्के टेस्टला) रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक डिसिजन ट्रींचं मत घेणारं मॉडेल, चालवलं तर ९९ टक्के ॲक्युरसी आली, गाईड पण खूश. पण त्याच ग्रेडचे नवीन तुकडे आले आणि मॉडेल धडाधड चुकतंय. अजून शॉट घेऊ का?

उत्तर: शॉट नका घेऊ, तुकडे जमवा. तुमच्याकडे १२०० नाही, १२च गोष्टी आहेत. एकाच तुकड्यावरचे १०० शॉट म्हणजे सख्खी भावंडं, त्यातले ८० मॉडेलला दाखवले आणि उरलेले २० टेस्टला ठेवले तर पेपर आधीच फुटलेला, मग ९९ टक्के न पडून सांगतात कोणाला! मॉडेल ग्रेड शिकलंच नाही, ते तुकडे पाठ करून बसलंय.

स्प्लिट तुकड्यानुसार करा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत ग्रुपकेफोल्ड आहे, ते डेटाचे भाग (फोल्ड) पाडून आळीपाळीने एकेक टेस्टला ठेवतं, त्याला ग्रुप म्हणून तुकड्याचा नंबर द्या, म्हणजे दर फेरीत काही तुकडे पूर्णच्या पूर्ण बाहेर राहतील (फक्त बघून घ्या की दर फेरीत प्रत्येक ग्रेडचे दोन तुकडे ट्रेनिंगला आहेत). स्केलिंग (आकडे एका मापात आणणं), पीसीए (हजारो आकडे थोडक्यांत आटवणं) वगैरे जे काही करता ते पण फोल्डच्या आतच, म्हणजे त्या फेरीच्या ट्रेनिंगच्या डेटावरूनच ठरवा, सगळ्या डेटावर आधी करून ठेवलं की तिथूनही थोडं फुटतं. आकडा खाली येईल. येऊ द्या, तोच खरा आहे.

आता मॉडेल नक्की काय बघत होतं ते पण शोधा. फीचर इम्पॉर्टन्स, म्हणजे मॉडेलने कशाला किती महत्त्व दिलं ते, काढा आणि वेव्हलेंग्थवर प्लॉट करा. ॲल्युमिनियमचे ग्रेड वेगळे होतात ते मॅग्नेशियम, तांबं, सिलिकॉन, जस्त यांच्यामुळे, त्यामुळे मॅग्नेशियमच्या २८५.२, तांब्याच्या ३२४.८, सिलिकॉनच्या २८८.२ नॅनोमीटरच्या आसपास उंचवटे दिसले तर ठीक. आमच्याकडे एकदा सगळ्यात मोठा उंचवटा ७७७ वर आला. तिथे ऑक्सिजन असतो, म्हणजे हवा! नंतर लक्षात आलं की एका ग्रेडचे तुकडे बाकीच्यांपेक्षा पातळ होते आणि लेन्स कोणी हलवलीच नव्हती, त्यामुळे फोकस पृष्ठभागाच्या वर राहत होता, धातूबरोबर हवाही जास्त पेटत होती आणि मॉडेल बिचारं इमानेइतबारे जाडी मोजत होतं. दोन दिवस मी कोडमध्ये बग शोधत बसलो होतो ते वेगळंच.

५८९.० आणि ५८९.६ ची जोडी दिसली तरी सावध व्हा, ते सोडियम, आणि ते बऱ्याचदा हातांच्या घामाचं असतं. तुकडा ग्लोव्हज घालून धरा, आणि एका जागी मारलेले पहिले काही शॉट फेकून द्या, ते नुसता पृष्ठभाग साफ करतात. आणि हो, सोमवारी एक ग्रेड, मंगळवारी दुसरा असं अजिबात मोजू नका, लेझरची एनर्जी रोज थोडी इकडेतिकडे होते आणि मग मॉडेल वार ओळखायला शिकतं. तुकड्यांचा क्रम मिसळून, निदान दोन-तीन वेगळ्या दिवशी मोजा.

प्रश्न: कुठलं मूलद्रव्य किती टक्के आहे ते काढायला न्यूरल नेटवर्क वापरावं की पीएलएस (पार्शल लीस्ट स्क्वेअर्स, रिग्रेशनची एक पद्धत)? सगळे म्हणतात पीएलएस जुनं झालं.

उत्तर: म्हणू द्या. स्पेक्ट्रममध्ये हजारो चॅनेल (वेव्हलेंग्थचे बारीक कप्पे) आणि नमुने मोजून पन्नास, अशा वेळी मोठं नेटवर्क सगळं घोकून टाकतं. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरवरचं केमकॅम हे लिब्सचं उपकरण बघा, दगडावर लांबूनच लेझर मारतं आणि एका स्पेक्ट्रममध्ये ६१४४ चॅनेल देतं. त्याचं सुरुवातीचं कॅलिब्रेशन ६६ स्टँडर्ड नमुन्यांवर (ज्यांत काय किती ते आधीच माहीत असतं) होतं. पुढे सुधारलं तेव्हा पीएलएस टाकून नाही दिलं, नमुने ४०८ पर्यंत नेले, कमी-जास्त प्रमाणासाठी वेगवेगळी पीएलएस मॉडेल करून ती जोडली आणि सोबतीला आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करणारी पद्धत) घेतलं. जास्त मेहनत नमुने जमवण्यात आहे, पण रिसर्च पेपरमध्ये ती दिसत नाही म्हणून कोणाला करावीशी वाटत नाही. आधी पीएलएस चालवा, तुकड्यानुसार व्हॅलिडेशन करा, आणि नेटवर्कने त्याला तिथे हरवलं तरच नेटवर्क घ्या.

प्रश्न: मशीन लर्निंग असेल तर साधा स्पेक्ट्रोमीटर चालून जाईल ना? स्टीलमधला कार्बन मोजायचाय.

उत्तर: कार्बनसाठी नाही चालणार. त्याची २४७.९ नॅनोमीटरची रेषा (स्पेक्ट्रममधला त्याचा उंचवटा) लोखंडाच्या रेषांच्या गर्दीत अडकते, आणि १९३.१ ची मोकळी रेषा हवेतला ऑक्सिजन खातो, म्हणून तिथे आर्गॉन सोडावा लागतो आणि त्या वेव्हलेंग्थपर्यंत दिसणारा स्पेक्ट्रोमीटर पण लागतो. डिटेक्टरपर्यंत जे आलंच नाही ते मॉडेल कुठून आणणार? आधी आर्गॉनची सोय करा, मग बोलू.