मॉरिशस, एक दिवस, एक गाडी: यादीतली सात ठिकाणं आधी खोडा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जूनचा दुसरा आठवडा, पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आँ-फ्लाकला पाच रात्री, सोबत सासू-सासरे (सासूबाईंचे गुडघे), नवरा आणि नऊ वर्षांची लेक. त्यातला एकच दिवस खासगी गाडी-गाइडला द्यायचा आहे आणि एजंटने आठ तासांत अकरा ठिकाणं लिहून दिली आहेत: कोदाँ वॉटरफ्रंट, सिटाडेल, पाम्प्लमूसची बाग, जहाजांच्या प्रतिकृतींचं वर्कशॉप, ट्रू ओ सेर्फ, गंगा तलाव, बोआ शेरीचा चहाचा कारखाना, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस, शामारेल, रमची भट्टी आणि ल मोर्न. काय ठेवू, काय गाळू, असं तुम्ही विचारलंय.

मी तीनदा जाऊन आलोय, एकदा आईला घेऊन. गंगा तलाव, गॉर्जेस, शामारेल आणि ल मोर्न ही चार ठेवा, उरलेली सात खोडा. ट्रू ओ सेर्फचं काय ते पुढे सांगतो.

नकाशावर मॉरिशस चिमुकलं दिसतं. उत्तर-दक्षिण लांबी जेमतेम ६५ किलोमीटर, म्हणजे मुंबई-लोणावळ्याहूनही कमी. त्यामुळे एजंटला वाटतं एका दिवसात सगळं बेट उरकेल, आणि आपल्यालाही वाटतं. पण पाम्प्लमूस उत्तरेला, ल मोर्न नैऋत्येच्या टोकाला, मध्ये राजधानी पोर्ट लुईची सकाळची वाहतूक, आणि मधल्या पठारावरचे रस्ते अरुंद, वळणावळणाचे. पहिल्या वेळी मी असाच नऊ ठिकाणांचा दिवस घेतला होता. त्यातला पाऊण तास जहाजांच्या वर्कशॉपमध्ये गेला. काम सुरेख असतं, नाही म्हणत नाही, पण कारागीर पाच मिनिटं आणि विक्रीचं दालन चाळीस मिनिटं. मग एक 'ड्यूटी फ्री' दुकान, मग ठरलेल्या हॉटेलात ठरलेला बुफे. शामारेलला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. जुलै होता. तिथे जून-जुलैत पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो (आपला उन्हाळा संपतो तेव्हा त्यांचा हिवाळा, हे विसरू नका). तिथली प्रसिद्ध सात रंगांची माती मी एकाच रंगात पाहिली: करडा.

ड्रायव्हरचा यात फार दोष नाही. दुकानांच्या कमिशनवरच ते स्वस्त पॅकेज उभं असतं. म्हणून गाडी ठरवतानाच सांगायचं: पूर्ण दिवसाचे पैसे, माणशी नाही तर गाडीमागे, पेट्रोल आणि पार्किंग धरून, आणि एकही दुकान नाही. दोन पैसे जास्त पडले तरी द्या. प्रवेश तिकिटं त्यात आहेत की नाहीत ते तेव्हाच विचारून घ्या, कारण वाद तिथेच होतात. हॉटेलच्या डेस्कवरून तीच गाडी महाग पडते. परवाना असलेला टॅक्सीवाला थेट गाठलात तर बरं. आणि 'गाइड' वेगळा मिळेल अशी कल्पना करू नका, तिथे बहुतेक ड्रायव्हरच गाइड असतो. इंग्रजी बहुतेकांना येतं, हिंदी बऱ्याच जणांना, आपसात मात्र क्रिओल ही तिथली बोली. तुमच्या पाच जणांना सात सीटची गाडी मागा, सासूबाईंना पाय लांब करता येतील.

आता क्रम. आधी डोंगरावर चढायचं आणि मग उतरत उतरत समुद्रापाशी यायचं. आठला निघा, साडेसातला जमलं तर उत्तम. व्हाकोआच्या बाजूने सरळ गंगा तलावाला. तिथून प्लेन शाम्पान्यचा जंगलातला रस्ता, गॉर्जेसचा (म्हणजे खोल दऱ्यांचा) व्ह्यूपॉइंट, दुपारी शामारेल, मग घाट उतरून किनाऱ्यावरचं काझ नोयाल गाव आणि ल मोर्न, परत किनाऱ्याकिनाऱ्याने हॉटेल. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. एकही रस्ता दोनदा लागत नाही, शामारेलला ऊन डोक्यावर असतं आणि ल मोर्नला ते समुद्रावर कलतं.

गंगा तलावाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सासू-सासऱ्यांसाठी तोच दिवसाचा गाभा असणार. हे ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं तळं आहे. जुनं नाव परी तलाव. १८९७ मध्ये त्रिओले गावच्या एका पुजाऱ्यांना स्वप्नात दिसलं की या तळ्याचं पाणी जान्हवीचं आहे, आणि पुढच्या वर्षी लोक महाशिवरात्रीला पायी इथे आले. १९७२ मध्ये भारतातून आणलेलं गंगाजल त्यात मिसळलं आणि नाव गंगा तलाव झालं. आता महाशिवरात्रीला लाखो लोक कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत येतात. तळ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर १०८ फुटी मंगल महादेव उभे आहेत, २००७ साली पूर्ण झालेले. बडोद्याच्या सूरसागर तलावातला शंकर पाहिला असेल तर चेहरा ओळखीचा वाटेल, त्याच्यावरूनच ही मूर्ती घडवली आहे. समोर तेवढीच उंच दुर्गा आहे, ती नंतरची.

बहुतेक टूरवाले मूर्तीपाशी फोटोला उतरवतात आणि म्हणतात झालं. तसं करू नका. गाडी खाली घाटापर्यंत न्यायला सांगा. तिथे तळ्याकाठी फिरायला सपाट फरसबंदी आहे, चढ नाही, सासूबाई आरामात बसू शकतील. सकाळी नऊच्या आत धुकं तळ्यावर टेकलेलं असतं आणि माणसं जवळजवळ नसतात. आई तिथे एक तास बसून होती, जपमाळ काढून. मी दोनदा घड्याळ पाहिलं, तिने एकदाही नाही. माकडांपासून प्रसाद आणि चष्मा सांभाळा. आणि स्वेटर हवाच. तुम्ही 'बीच व्हेकेशन' म्हणून कपडे भराल, पण जूनमध्ये पठारावर सकाळी महाबळेश्वरची आठवण येते, वर भुरभुर पाऊस.

याच पावसामुळे ट्रू ओ सेर्फबद्दल मी नक्की हो म्हणत नाही. क्यूरपिप गावात सहाशे मीटर उंचीवर ज्वालामुखीचं विवर आहे, गाडी थेट कडेपर्यंत जाते, चालावं लागत नाही. आभाळ स्वच्छ असेल तर वीस मिनिटं द्या, अर्धं बेट दिसतं. पण क्यूरपिपचे लोक स्वतःच म्हणतात की आमच्याकडे दोनच ऋतू, छोटा पावसाळा आणि मोठा पावसाळा. सकाळी ड्रायव्हरला विचारा. तो आकाशाकडे बघून जे सांगेल ते ऐका. ढग असतील तर गाडी वळवूच नका.

गॉर्जेसला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पार्किंगपासून थोडं चालणं आणि काही पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरले तर सासूबाई गाडीपाशीच थांबल्या तरी बिघडत नाही, बाहेर अननसवाला असतोच. तो अननस देठासकट सोलून, देठाला धरून आइस्क्रीमसारखा खायला देतो, वर तिखट-मीठ-चिंच. लेकीला दोन लागतील. जूनमध्ये प्लेन शाम्पान्यच्या रस्त्याकडेला लोक गाड्या थांबवून झुडपांतून लाल बोराएवढे पेरू तोडताना दिसतील. त्यांना चिनी पेरू म्हणतात. ड्रायव्हरला सांगा, तो थांबवतो. आमच्या आईने पदरात भरून घेतले.

शामारेलबद्दल अपेक्षा आधीच बेतात ठेवा. फोटोंत ते मंगळावरचं वाळवंट वाटतं. प्रत्यक्षात क्रिकेटच्या मैदानाहून लहान असा, कुंपणातला, उंचसखल मातीचा तुकडा आहे. आत पाऊल टाकता येत नाही, कठड्यावरून बघायचं. बेसॉल्टचा लाव्हा कुजून माती झाली, आणि लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे तांबडा, तपकिरी, जांभळा, पिवळसर असे पट्टे उमटले. आपला सह्याद्रीही बेसॉल्टच, त्यामुळे कोकणातली तांबडी माती पाहिलेल्याला हा प्रकार अगदी परका वाटत नाही. नातीला आजोबांनी हे समजावून सांगितलं तर अर्धा तास मजेत जातो. ऊन हवं मात्र. ढगाळ हवेत रंग विझतात. त्याच तिकिटात वाटेवरचा धबधबा येतो, ऐंशी मीटरहून उंच, आणि धबधबा ते माती हे अंतर गाडीनेच जायचं असतं. आवारात अल्डाब्रा जातीची प्रचंड कासवं आहेत. खरं सांगू? लेकीला मातीपेक्षा कासवंच आठवतील.

रमची भट्टी मी का खोडली ते तुमच्या मिस्टरांना सांगावं लागेल. जागा सुंदर आहे, पण तासभर जातो आणि सासऱ्यांसमोर चाखायचा कार्यक्रम फार रंगत नाही. बाटली विमानतळावर मिळते.

जेवणासाठी बुफेच्या फंदात पडू नका. सकाळी निघताना गावातल्या गाड्यावरून ढॉल पुरी बांधून घ्या. चण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, गूळ नसलेली पुरणपोळीच समजा. जोडीने विकतात, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची चटणी, लोणचं. मूळ प्रकार शाकाहारी आहे, मिरची कमी घाला म्हणायचं विसरू नका. सोबत गातो पिमां, म्हणजे आपला डाळवडा. रोख मॉरिशस रुपये ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालंय खरं, पण गाड्यावरच्या मावशींकडे त्याच्या भरवशावर जाऊ नका.

ल मोर्नला शेवटचा दीड-दोन तास द्या. समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा कातळ आणि खाली सार्वजनिक किनारा. चढायचं नाहीये, खाली बसायचं. पळून गेलेले गुलाम या कातळावर लपून राहायचे. तिथली दंतकथा अशी की १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर निघाले, वरच्या लोकांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसा यादीत आला. पायथ्याशी स्मारक आहे. ड्रायव्हरला ही गोष्ट त्याच्या शब्दांत सांगायला लावा. आमचा ड्रायव्हर दिवसभर गमती करत होता, इथे आल्यावर आवाज खाली गेला त्याचा.

त्याच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. सकाळी आम्ही मराठीत बोलत होतो, तर त्याने आरशात बघून विचारलं, "रत्नागिरी?" त्याचे पणजोबा तिथून उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आलेले. घरी क्रिओल बोलतात. मराठी त्याला शाळेत शिकवली तेवढीच, पण गणपतीची आरती आमच्याहून शुद्ध म्हणाला. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि पहिला उत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात झाल्याचं मानतात. कोकणातलं जाखडी नृत्य तिथे झाकरी म्हणून टिकलंय. तुम्ही राहताय त्याच्या जवळच कास्कावेलला विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. परतीच्या वाटेवर वेळ उरला तर सासूबाईंना तिथे न्या. उरला नाही तर दुसऱ्या दिवशी टॅक्सीने जाता येईल.

पोर्ट लुई गाळल्याची हुरहूर लागली तर वेगळी अर्धी सकाळ काढा, आणि कोदाँऐवजी आप्रवासी घाटावर, म्हणजे मजूर जिथे उतरवले जात त्या धक्क्यावर, जा. १८३४ नंतर साडेचार लाखांच्या आसपास मजूर या बेटावर उतरले, त्यातले बहुतेक आपल्या देशातले. ते ज्या चढून आले त्या बंदराच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. रविवार सोडून जा. पाम्प्लमूस मात्र पुढच्या खेपेला.

आल्यावर एवढं कळवा, लेकीला सातपैकी किती रंग दिसले. दुसऱ्या खेपेला, लख्ख उन्हात, मला पाच दिसले होते. आई म्हणाली चार, आणि पाचवा माझ्या चष्म्याचा.