‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत हिंसा टप्प्याटप्प्याने कशी वाढत जाते?

टी.वाय.च्या पेपरसाठी दहा मार्कांचं उत्तर हवंय, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. देतो, पण गाइडमधलं नाही. गाइडमध्ये असतं की विल्यम गोल्डिंगच्या या कादंबरीत विमान कोसळून काही इंग्रज शाळकरी मुलं ओसाड बेटावर अडकतात, तिथे मोठी माणसं नसतात, त्यामुळे मुलांच्या मनातला अंधार बाहेर येतो. आधी डुक्कर मरतं, मग सायमन, मग पिगी ही मुलं, शेवटी त्यांच्यातल्याच राल्फची शिकार. खोटं नाही ते. पण एवढंच लिहायचं तर पुस्तक उघडायचीही गरज नाही, मागचं कव्हर वाचून भागतं. ‘मनातला अंधार’ म्हटलं की लिहिणाऱ्याचा विचार तिथेच थांबतो, आणि पेपर तपासणाराही सुटतो.

मला विचाराल तर या कादंबरीत हिंसेची रीतसर तालीम होते. रोज थोडी थोडी, खेळ म्हणून, सगळे हसत असताना.

पहिल्या प्रकरणात वेलींच्या जाळीत अडकलेलं डुकराचं पिल्लू शिकाऱ्यांचा म्होरक्या जॅक याला मारता येत नाही. सुरी वर जाते आणि तिथेच थांबते, हे सगळेच लिहितात. तुम्ही जॅकच्या टोळीतल्या रॉजरवर लिहा. चौथ्या प्रकरणात हेन्री नावाचा लहानगा पाण्याकाठी एकटाच खेळत बसलाय आणि रॉजर झाडाआडून त्याला दगड मारतोय. मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती साधारण सहा यार्डांचं, म्हणजे साडेपाच मीटरांचं एक वर्तुळ आहे आणि त्याच्या आत दगड टाकायला रॉजरचा हात धजत नाही. आई-बाप, शाळा, पोलीस, कायदा यातलं बेटावर काहीच नाही, पण त्यांचा धाक अजून त्याच्या हातात शिल्लक आहे. आता अकरावं प्रकरण काढा. तोच रॉजर कड्यावर उभा आहे. सॅम आणि एरिक या जुळ्यांच्या मधून तो एक लहानसा दगड फेकतो, पुन्हा नेम चुकवूनच. आणि थोड्या वेळाने तरफेवर अंगाचा भार टाकून भलामोठा खडक खाली लोटतो. पिगी मरतो, आणि ज्याच्या हातात असेल त्यानेच सभेत बोलायचं त्या शंखाच्या ठिकऱ्या होतात. दोन्हीकडे माणूस तोच, मधे सहा प्रकरणं. त्या सहा प्रकरणांत काय झालं हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ते मला माहीत आहे, कारण मी सातवी ते दहावी वसतिगृहात काढली.

तालुक्याचं गाव, नाव सांगत नाही. एका हॉलमध्ये बावीस पोरं, बावीस कॉट, बावीस लोखंडी पेट्या आणि दोन पंखे. रेक्टर सर शेजारच्या इमारतीत राहायचे. साडेनऊला दिवे घालवून जायचे, आणि त्यांच्या चपलांचा आवाज थांबला की आमचं कोर्ट भरायचं. दहावीतला एक जण डोक्याला टॉवेल गुंडाळून जज्ज व्हायचा आणि स्टीलच्या ताटावर चमचा वाजवून ऑर्डर ऑर्डर करायचा. गुन्हे म्हणजे घोरणं, पादणं, दुसऱ्याच्या बादलीतलं गरम पाणी ढापणं. शिक्षा उठाबशांची. हसून हसून पोट दुखायचं, खोटं कशाला सांगू? चार वर्षांत तेवढं हसलेलो मी दुसरं काही आठवत नाही.

मग उठाबशांचा कंटाळा आला आणि टपल्या सुरू झाल्या. आरोपी सोडून उरलेले एकवीस, प्रत्येकाची एक. माझीही पाळी आली होती एकदा. मी मोजल्या होत्या. पहिल्या पंधरा टपल्याच होत्या, शेवटच्या पाच-सहांना टपली म्हणता येणार नाही. कोणी ठरवलं नव्हतं तसं. रांगेत पुढच्याने जेवढ्या जोरात मारलं त्याहून किंचित जोरात मागचा मारतो, एवढंच. दुसऱ्या दिवशी रांगेत मी होतो.

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परतलो तेव्हा एकाचा चिवड्याचा डबा रिकामा सापडला. आळ आला सहावीतल्या एका पोरावर, जूनमध्येच आलेल्या. त्याच्यावरच का, तर तो रात्री पांघरुणात एकटाच काहीतरी खायचा. खायचा तो घरचे लाडू. चिवडा कोणी संपवला ते आजही माहीत नाही. त्या रात्री जज्जाने टपल्या नकोत म्हणून सांगितलं. शिक्षा ठरली ‘चादर’. आमच्याकडे तोपर्यंत कोणी ती केली नव्हती, नुसती ऐकली होती. अंगावर चादर टाकायची आणि सगळ्यांनी मारायचं, म्हणजे कोण मारतंय ते त्याला दिसत नाही.

चादर जाड लागते. हॉलमध्ये सर्वांत जाड चादर माझी होती, सोलापुरी. आईने पंढरपूरहून येताना घेतली होती. मागितली कोणी की मीच पुढे केली, आठवत नाही. मीच केली असणार. मी मारलं नाही, हे मात्र पक्कं आठवतं. मी एक टोक धरून उभा होतो, चादर सरकू नये म्हणून. जाड कापडाखालून रडणं खोकल्यासारखं ऐकू येतं. तो दोन कॉटच्या मधे पडला तेव्हा एकदम सगळं शांत झालं आणि सगळे आपापल्या पांघरुणात.

कॉलरबोन मोडलं होतं. सकाळी सरांनी विचारल्यावर एकवीस पोरांनी एकच सांगितलं, कॉटवरून पडला. बाविसाव्यानेही तेच सांगितलं. चार दिवसांनी त्याचे वडील आले आणि पेटी खांद्यावर घेऊन त्याला घेऊन गेले. पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याचं नाव होतं, त्यातला ‘सा’ उलटा काढलेला. त्या हिवाळ्यात मी तीच चादर पांघरत होतो.

एम.ए.ला ही कादंबरी नेमलेली होती म्हणून वाचायला घेतली. सातव्या प्रकरणात पोरं रॉबर्टला डुक्कर करून शिकारीचा खेळ खेळतात. वर्तुळ करतात, भाल्याच्या दांड्यांनी टोचतात, तो आधी ओरडायचं नाटक करतो आणि मग खरंच ओरडायला लागतो. त्या घोळक्यात राल्फ आहे. शहाणा, निवडून आलेला, शंखवाला राल्फ. त्याला नुसतं बघायचं नसतं, त्या तपकिरी अंगाचा एक चिमटा त्यालाही हवा असतो. खेळ संपल्यावर रॉबर्ट म्हणतो की खरं डुक्कर हवं, तर जॅक म्हणतो, एखादं लहान पोरगं वापरा. आणि सगळे हसतात. हा विनोद आहे. दोन प्रकरणांनंतर सायमन मरतो तो त्याच वर्तुळात, त्याच घोषणेच्या तालावर; फक्त घोषणेत डुकराच्या जागी श्वापद, म्हणजे बेटावर असल्याची मुलांना भीती वाटते ते जनावर, आलेलं असतं. नवं असं काहीच करावं लागत नाही कोणाला, सगळ्यांना आपापल्या जागा पाठ असतात. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

पण खरा घाव दहाव्या प्रकरणात आहे. सायमनला मारल्याची दुसरी सकाळ. राल्फ एकटा ‘खून’ हा शब्द उच्चारतो. पिगी, आपला समजूतदार चष्मेवाला पिगी, म्हणतो की तो अपघात होता, अंधार होता, सायमनने असं रांगत यायलाच नको होतं. मग म्हणतो, आपण बाहेरच्या बाजूला होतो, आपण काही केलं नाही, काही पाहिलं नाही. जुळे सांगतात, आम्ही दमलो होतो, लवकर निघालो. सॅमच्या कपाळावर ओरखडा आहे, एरिकचा ओठ फुटलेला आहे आणि चौघंही लवकर निघालेले आहेत! रक्तापेक्षा ही सकाळ भयंकर आहे असं माझं मत आहे. जॅकच्या टोळीत विल्फ्रेड नावाच्या मुलाला बांधून मारणार आहेत आणि का ते कोणालाच माहीत नाही, हे याच प्रकरणात येतं. हिंसेला कारण लागेनासं होतं ते या सकाळीनंतर.

गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या ग्रुपवर कोणीतरी त्या हॉलचा फोटो टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. ‘काय दिवस होते राव, कोर्ट आठवतंय का.’ मी त्या पोराबद्दल लिहिलं. माझा जवळचा मित्र, कॉटला कॉट लागून चार वर्षं झोपलेला, त्याने लगेच उत्तर दिलं: ‘अरे आपण दोघं तर तेव्हा बाहेर होतो, लघवीला गेलो होतो. आणि चादर निळी होती, दहावीवाल्यांची.’ मी लिहिलं, हिरवी होती. तो म्हणाला, ‘सोड ना भावा, पोरं होतो आपण.’

हे ‘पोरं होतो’ मला सहन होत नाही. शेवटी बेटावर नौदलाचा अधिकारी उतरतो तेव्हा त्यालाही आधी हा पोरखेळच वाटतो, आणि स्वतः तो युद्धनौका घेऊन आलेला असतो.

तर तुमचं उत्तर. जॅकची थांबलेली सुरी, रॉजरचं वर्तुळ, रंगवलेला चेहरा (त्यामागे जॅकची लाज संपते, हा मुद्दा मार्कांचा आहे), पिगीच्या चष्म्याची फुटलेली काच, रॉबर्टचा खेळ, डुकरीण, सायमन, विल्फ्रेड, पिगी, राल्फसाठी दोन्ही टोकांना तासलेली काठी. हे क्रमाने लिहा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: बाकीचे तेव्हा काय करत होते? इंग्रजी जड जात असेल तर जी. ए. कुलकर्णींचं मराठी भाषांतर आहे, पण उतारे देताना मुळातले द्या.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. कादंबरी १९५४ची आहे. गोल्डिंग सॉल्झबरीत शाळामास्तर होता आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढलेला, त्यामुळे पोरं आणि युद्ध दोन्ही त्याने जवळून पाहिलेली होती. परीक्षकाला ‘मूळचा दुष्टपणा’ ऐकायचा असतो, आणि गोल्डिंगचा कलही बराचसा तिकडेच होता. म्हणजे तालमीचा मुद्दा माझा आहे, तो लिहून मार्क गेले तर मला बोलू नका. शिवाय १९६५मध्ये टोंगातली सहा मुलं खरोखरच एका ओसाड बेटावर अडकली होती. पंधरा महिने राहिली, विस्तव विझू दिला नाही, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो नीट बसवला. तेव्हा सगळी पोरं अशीच वागतात असं काही नाही. आमच्या हॉलपुरतं मी सांगितलं.

आणि ग्रुपवरचं कोणी हे वाचत असेल तर, चादर हिरवीच होती. एका टोकाला आईने लाल दोऱ्याने माझं आद्याक्षर घातलं होतं. मी धरलं होतं ते टोक तेच.