पॅनेल शेवटी कापा, आधी टाकीतला सेंडर मोजा

नमस्कार. तुमची १९७६ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी साताऱ्यात वापरलेली. मूळ डॅशबोर्डला धक्का न लावता त्याच्या खाली मधोमध पाच गोल मीटरचं लाकडी पॅनेल लावायचंय: तेल, पाणी, पेट्रोल, अँपिअर आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे). मीटर मागवून झालेत. आता विचारताय की भोकं कशानं पाडायची, लाकूड कुठलं घ्यायचं आणि मिरजेच्या सतारवाल्यांकडून पॉलिश करून घेतलं तर कसं दिसेल.

दिसेल झकासच. पण करवत तूर्त बाजूला ठेवा. मी सांगलीत माझ्या १९८१ च्या पद्मिनीला दोनदा पॅनेल केलंय. दोनदा म्हणजे काय ते समजून घ्या.

पहिल्या वेळी मीही पॅनेलपासूनच सुरुवात केली. बाजारात मिळाले ते ५२ मिलिमीटरचे मीटर आणले, रात्री जागून बसवले आणि सकाळी साताऱ्याला लग्नाला निघालो. सांगलीतून निघताना पेट्रोलचा काटा पाऊण टाकीच्या वर. पेठ नाक्याला तो आणखी वर. कराड ओलांडताना फुल. बायको म्हणाली, काटा चढतोय कसा? मी म्हटलं, नवीन आहे, बसतोय जागेवर. उंब्रजच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन थांबली. टाकीत थेंब नव्हता आणि काटा फुलच्याही पलीकडे!

कारण साधं आहे. मीटरला खबर देणारा भाग तो सेंडर. टाकीतला सेंडर म्हणजे तरंगत्या फ्लोटला जोडलेला बदलता रेझिस्टन्स. काही जातींत टाकी रिकामी झाली की तो कमी होतो, काहींत वाढतो. युरोपियन पद्धतीत साधारण रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेलीला १८०. अमेरिकन पद्धतीत रिकामीला २४० आणि भरलेलीला ३३. ऑनलाइन मिळणारे बरेच मीटर दुसऱ्या जातीचे. माझ्या गाडीतला सेंडर पहिल्या प्रकारानं चालणारा आणि मीटर दुसऱ्या प्रकारचा, म्हणून सगळा उलटा कारभार.

तेव्हा पहिलं काम हे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी मोकळ्या हवेत घ्या, टाकीवरच्या सेंडरची वायर सोडवा आणि मल्टिमीटरनं सेंडरच्या टोकाचं बॉडीशी रेझिस्टन्स मोजा. आहे त्या पेट्रोलला एकदा, मग पाच-पाच लिटर टाकत प्रत्येक वेळी. आकडे लिहून ठेवा आणि मीटरच्या खोक्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. जुळत नसतील तर मीटर बदला किंवा त्या मीटरच्या जोडीचा सेंडर टाकीत बसेल का ते बघा. मध्ये जादा रेझिस्टन्स घालून उलटा काटा सुलटा होत नाही. हा सल्लाही मला एकानं दिला होता, त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

हेच तेलाचं आणि पाण्याचं. सेंडर आणि मीटर एकाच जोडीचे घ्यायचे, वेगवेगळे नाही. आणि सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. एका वायरचा सेंडर अर्थिंग इंजिनच्या लोखंडातूनच घेतो. टेपनं ते तुटलं की काटा मनाला येईल तिथं उभा राहतो आणि आपण विनाकारण मीटरला शिव्या घालतो. तेलाचा लाल दिवा काढू नका, तो आणि मीटर दोन्ही ठेवा. त्यासाठी पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड लागतो, पण इंजिनवरच्या लाल दिव्याच्या स्विचच्या जागी टी आणि टीला लोंबकळणारा जड सेंडर असं करू नका. इंजिनच्या थरथरीनं पितळ मानेत तडकतं आणि तेल रस्त्यावर. जाड लवचिक होज घेऊन टी आणि सेंडर बाजूला बॉडीवर क्लॅम्प करा, आणि तिथून इंजिनला अर्थिंगची वेगळी वायर द्या.

तुम्ही लिहिलंय की खरी गरज पाण्याच्या काट्याची आहे, कारण पसरणी घाट चढताना गाडी उकळते. पाचगणी साधारण १३०० मीटरवर, तिथं उघड्यावर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून एरवी निभावतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर सगळा खेळ तिथंच संपतो. मीटरआधी झाकण बदलून बघा, कदाचित दुखणं तेवढंच असेल. आणखी एक: सेंडर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरं बोलतो. घाटात काटा वर जाता जाता एकदम खाली आला तर गाडी थंड झाली असं समजू नका. पाणी उतरून सेंडर कोरडा पडला असेल. लगेच बाजूला घ्या, आणि झाकण तापलेलं असताना उघडू नका.

अँपिअर मीटर परत करा, असं माझं स्पष्ट मत. त्यासाठी गाडीचा जवळजवळ सगळा करंट जाड वायरनं पॅनेलपर्यंत आणून परत न्यावा लागतो. मागचा नट सैल झाला की तापतो, वायर बॉडीला लागली की धूर. तुमच्या पॅनेलला वर लाकूडही आहे. व्होल्टमीटर लावा: बारीक वायर, अलीकडे फ्यूज, विषय संपला. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर असेल तर चालू गाडीत १३.८ ते १४.४ दिसायला हवं. गाडीत अजून जुन्या पद्धतीचा डायनॅमोच असेल तर स्लो रनिंगला काटा खालीच राहणार, घाबरू नका, जरा रेस देऊन बघा.

अल्टरनेटरवाल्या गाडीत चार्जिंगचा दिवा नुसता शोभेला नसतो. बहुतेक अल्टरनेटर सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच घेतात. बल्ब काढला किंवा तिथं नुसता एलईडी टाकला तर चार्जिंग सुरूच होत नाही, किंवा खूप रेस दिल्यावर होतं. आरपीएमची वायर इग्निशन कॉइलच्या (स्पार्क देणाऱ्या कॉइलच्या) निगेटिव्हला जाते. मीटरमागे सिलिंडरचा स्विच असतो, तो चारवर आहे ना तेवढं बघा.

आता पॅनेल. आधी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचं करा. घरात दोन-चार पडलेल्या असतातच. गोल कापा, मीटर त्यात अडकवा, चिकटपट्टीनं जागेवर लावा आणि सीटवर बसून सगळे गिअर टाकून बघा. पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला. मधोमधचं पॅनेल दोन बोटं जास्त खाली आलं की गिअर टाकताना बोटांची हाडं त्याच्या कडेवर आपटतात. माझ्या पहिल्या पॅनेलची एक कड मी नंतर कानशीनं खाल्ली ती याचसाठी. मीटर बसवताना किंचित फिरवून असे बसवा की सगळं ठीक असताना पाणी, तेल आणि व्होल्टचे काटे सरळ वर बघतील. मग घाटात आकडे वाचावे लागत नाहीत, वाकडा काटा नजरेत येतो.

नुसत्या लाकडाचं पॅनेल नको. मागे दोन मिलिमीटर ॲल्युमिनिअमचा पत्रा आणि पुढे तीन-चार मिलिमीटरची लाकडी फळी असं जोडकाम करा. साताऱ्याच्या एमआयडीसीत लेझर कटिंगवाला मिळेल, त्याला ड्रॉइंग द्या. भोक बरोबर ५२ चं नको, किंचित मोठं हवं. आधी एक भंगार पत्र्यात पाडून मीटर आत जातो का बघा. लाकडात होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं चालवा, म्हणजे कडा उचकटत नाहीत.

पॉलिशचं माझं दुःख ऐका. मी मिरजेला सतार बनवणाऱ्या एका कारागिराकडूनच तुनाची फळी घेतली आणि लाखेचं पॉलिश करून घेतलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते उगाच नाही. आरशासारखी फळी आली हातात. पण सतार सावलीत गवसणीत राहते, आणि आपली गाडी एप्रिलमध्ये उन्हात. बंद काचांच्या आत डॅशबोर्ड तापतो आणि लाख मऊ पडते. ऊन लागू नये म्हणून मी वर पंचा टाकायचो, तर एका उन्हाळ्यात पंच्याची वीण पॉलिशवर उमटली. लाकूड मिरजेतूनच आणा, पण वर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारा.

वायरिंगचं थोडक्यात: पॅनेलच्या सगळ्या वायरी एका कनेक्टरवर आणा, म्हणजे दोन स्क्रू काढले की पॅनेल मांडीवर येतं. इंजिनकडून वायर आत येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी रिंग हवीच. लाकडाला अर्थिंग नसतं, म्हणून प्रत्येक मीटरची काळी वायर वेगळी काढून बॉडीला एका जागी बांधा.

सेंडरचे आकडे घेतले की इथं लिहा. आणि पुठ्ठ्याच्या पॅनेलचा फोटो टाका, गिअर टाकताना तुमची बोटं पॅनेलपासून किती लांब राहतात ते दिसेल असा.