'छोटी-मोठी कामं घेते' म्हणणं आता बंद कर

तू लिहिलंयस की कॉलेजात असताना एकटीने व्हिडिओ एडिटिंगची कामं घ्यायला लागलीस, आता सहा जण तुझ्याकडे कामाला आहेत, मोठ्या कंपन्या क्लायंट आहेत, तरी कुणी विचारलं काय करतेस तर तोंडातून 'छोटी-मोठी कामं घेते' एवढंच निघतं, आणि आता वाटतंय की एमबीए केलं तरच खरी बिझनेसवाली होशील.

एमबीएचं नंतर बोलू. आधी तू सोबत पाठवलेला कोटेशनचा मेल. आकडा टाकल्या टाकल्या खाली लिहिलंयस, 'बजेट जास्त वाटत असेल तर कमी करता येईल'. अगं, समोरच्याने अजून मेल उघडलाही नाही आणि तू भाव पाडून मोकळी! एक काम हातचं गेलं की पुढचा महिना ओढाताणीत जायचा तेव्हाची ही सवय, आणि तेव्हा ती बरोबरच होती. आज त्याच आकड्यात सहा पगार, सॉफ्टवेअरची लायसन्स, मशीनचा खर्च आणि अडकलेली पेमेंट्स सगळंच बसवायचंय, त्यामुळे तू संकोचाने सोडलेला पैसा टीमचाही असतो.

याला तू इम्पोस्टर सिंड्रोम म्हटलंयस. पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार बायकांबद्दल हे मांडलं होतं, हातात डिग्र्या, पदं सगळं असूनही त्यांना वाटायचं की आपण लोकांना फसवतोय आणि कधीतरी पकडले जाऊ. थोडं ते असेलही. पण मला साधं कारण जास्त दिसतंय. टीमने केलेला एडिट तू रात्री बसून परत स्वतः करतेस ना, मग दिवसरात्र एडिटरचंच काम केल्यावर मालक असल्यासारखं वाटणार कधी?

पुढचा एडिट मनासारखा आला नाही तर सॉफ्टवेअर उघडून स्वतः टाइमलाइनला हात लावू नकोस. नोट्स लिही, २:१४ ला कट उशिरा येतोय, म्युझिक संवादावर चढतंय, असं नेमकं, आणि ज्याने तो एडिट केलाय त्याला फाइल परत पाठव. त्याला तुझ्यापेक्षा जास्त वेळ लागेल, लागू दे, डेडलाइन देतानाच तेवढी सवड धरून ठेव.

मग एकदा वर्षभराची इन्व्हॉइसं काढून बस. कोणते क्लायंट परत आले, आणि त्यातल्या किती कामांना तुझा हातच लागला नव्हता? एखादं काम नशिबाने मिळतं गं, तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो तो काम आवडलं म्हणून. आणि ओळख सांगताना सरळ सांग, माझी व्हिडिओ एडिटिंगची कंपनी आहे, सहा जणांची टीम आहे. सुरुवातीला जीभ अडखळेल, तरी सांग.

आता एमबीए. फायनान्स शिकायचंय, माणसं सांभाळायला शिकायचंय म्हणून करायचं असेल तर जरूर कर, पण लोकांनी मालक म्हणावं एवढ्यासाठी दोन वर्षं नको. पत्रावरून तुझे करार आणि पैशाचं नियोजन खरंच कच्चं वाटतंय, पण ते चांगल्या अकाउंटंटबरोबर बसून सुधारेल. अॅडव्हान्स किती, बदल किती वेळा फुकट, पेमेंट किती दिवसांत, हे तुझ्या करारात लिहिलेलं आहे का ते बघ, नसेल तर या आठवड्यात आधी तेवढं कर.